येतो म्हणू नये

बाळासो होगाडे न्यूमोनियाने गेले, असं मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं होतं. त्यांच्या बायकोला, वैजयंताला, ते मान्य नव्हतं. तिच्या मते त्यांना दोन शब्दांनी मारलं होतं, आणि ते शब्द उच्चारणारा माणूस अजून उजळ माथ्याने दवाखाना चालवत होता. ते दोन शब्द म्हणजे "यादी भरली".

गोष्ट इचलकरंजीची, आणि फार पुढच्या काळातली नाही. माग तेच होते, त्यांची धडधड तीच होती, फक्त मागांमागची माणसं कमी झाली होती आणि छातीतला कापूस तेवढाच राहिला होता. सरकारने लोककवच नावाची विमा योजना आणली होती. योजना चांगली होती, हे वैजयंतासुद्धा नाकारत नसे. प्रत्येकाचं नाव घराजवळच्या एका फॅमिली डॉक्टरच्या यादीत घालायचं. ताप असो, साखर असो, पहिल्यांदा त्याच्याकडे जायचं. मोठ्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तर त्याने चिठ्ठी द्यायची, आणि ती चिठ्ठी हातात असली की पुढचं सगळं विम्यातून. एका डॉक्टरच्या यादीत जास्तीत जास्त बाराशे नावं. डॉक्टरला माणशी वर्षाची ठरलेली रक्कम मिळे, मग माणूस एकदा येवो की पन्नासदा. इथेच पाणी मुरत होतं. एकदाच येणारा रुग्ण कुणाला नको असेल, आणि पन्नासदा येणारा कुणाला हवा असेल?

कोण किती वेळा येणार हे आधीच सांगायला एक यंत्र होतं. त्याचं नाव कानोसा. बुंदीच्या लाडवाएवढा काळा गोळा, प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर बसवलेला. माणूस खोकला की आवाज छातीतून येतो, आणि येताना तिथली हकीकत घेऊन येतो. फुप्फुसात पाणी साचलं की त्यातल्या काही लहरी दबतात, श्वासनळी आवळली की काही उगाच उठतात. आपल्या कानाला यातलं काही कळत नाही. कानोशाला कळायचं, आणि एक्स-रेत डाग दिसायच्या आधी कळायचं. त्या बाबतीत त्याच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती.

पण त्याला दुसरंही एक काम दिलेलं होतं. डॉक्टर आणि रुग्ण यांचं बोलणं शब्दन् शब्द टिपून ठेवायचं, आणि शेवटच्या पाच भेटींवरून हा माणूस वर्षात किती वेळा येईल तो आकडा काढायचा. लोक त्याला फेरे म्हणत. फेरे वीसच्या आत असतील आणि यादीत जागा असेल, तर डॉक्टरला नाही म्हणायची सोय नव्हती. वीसच्या वर असतील तर मात्र तो म्हणू शकत होता.

बाळासोंचे फेरे निघाले एक्केचाळीस.

अठरा वर्षं ते डॉक्टर सुहास चौगुल्यांकडे जात होते. वर्षाअखेरीला चौगुल्यांनी त्यांचं नाव कमी केलं. मग वैजयंता नवऱ्याला घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे गेली, तिसऱ्याकडे गेली. अकरा दारं झाली. प्रत्येक डॉक्टर आधी हसून बसा म्हणायचा, मग विम्याचं कार्ड लावून फेऱ्यांचा आकडा बघायचा, आणि मग त्याची यादी एकदम भरायची. बाळासो मात्र प्रत्येक दारातून निघताना हात जोडत. नकार देणाऱ्याचेही आभार मानायचे, असा त्यांचा स्वभाव होता.

श्रावणात त्यांना ताप भरला. वॉर्डातल्या मदत केंद्रात एक नर्स असे आणि एक कानोसा. कानोशाने दोन खोकल्यांत ओळखलं आणि पडद्यावर लाल अक्षरांत लिहिलं, "न्यूमोनिया. तातडीने आपल्या फॅमिली डॉक्टरकडे जा." आपला फॅमिली डॉक्टर कोण, ते काही त्याने लिहिलं नाही.

वैजयंता त्यांना रिक्षात घालून थेट चौगुल्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. बाकावर दोनच माणसं होती.

"डॉक्टर, तेवढी चिठ्ठी द्या ओ. बाकी काय नको," ती म्हणाली.

चौगुल्यांनी बाळासोंकडे पाहिलं आणि नजर लगेच टेबलाकडे वळवली. "वहिनी, यादी भरलीय. यादीतल्याशिवाय चिठ्ठी निघत नाही. माझ्या हातात असतं तर..."

"अठरा वर्सं येतोय की आम्ही."

"यादी भरलीय, वहिनी."

बाळासो धाप लागलेली असतानाही उठले. "असू दे गं. त्यांचा बी नाइलाज हाय," म्हणाले, आणि डॉक्टरांना हात जोडून, "येतो डॉक्टर." कंपाउंडर दस्तगीरलाही म्हणाले, "येतो रे दस्तगीर." बाकावरच्या अनोळखी म्हातारीलाही म्हणाले. तिथून रिक्षा मोठ्या दवाखान्यात गेली. खिडकीवर चिठ्ठी मागितली गेली, आणि वैजयंता हुज्जत घालत असताना मागच्या बाकावर त्यांची मान कलली. मंगळवार होता, दुपारचे सव्वाबारा.

पाचव्या दिवशी चौगुले भेटायला आले. सतरंजीवर बसले, दोन शब्द बोलले, हात जोडले आणि काही न बोलता उठून गेले. सुतकाच्या घरातून निघताना कुणी "येतो" म्हणत नाही. पुन्हा अशाच कामाला येतो, असा त्याचा अर्थ होईल.

"डॉक्टर सोता आला बग," शेजारच्या आक्काताई मगदूम हळू आवाजात म्हणाल्या. "बरा हाय माणूस."

पण त्याच महिन्यात गल्लीत बंडा शिरगावे भाड्याने राहायला आला. साखर, रक्तदाब, गुडघे, सगळं घेऊन आला, आणि आठ दिवसांत चौगुल्यांच्या यादीत बसला. तिने त्याला दोनदा विचारून खात्री केली. मग घरात येऊन नवऱ्याच्या फोटोसमोर उभी राहिली. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"यादी भरली म्हणतोय," ती फोटोला म्हणाली. "थांब म्हणावं. भरूनच दाखवते."

कशी भरणार, हे तेव्हा तिला ठाऊक नव्हतं. फक्त एवढं ठाऊक होतं की हे केल्याशिवाय आपल्याला घास गोड लागणार नाही.

मेलेल्या माणसाचे कानोशाचे कागद वारसाला सहा महिन्यांनंतर मिळत. ते मिळाले तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता. एक्केचाळीसचं कारण त्यात असणार, एवढाच तिचा अंदाज होता. वैजयंताचं शिक्षण नववीपर्यंतचं, पण तिच्या हाताला तीस वर्षांची एक वेगळी सवय होती. ती मेंडिंगचं काम करी. मागावरून उतरलेलं कापड खालून दिवा लावलेल्या काचेवर पसरायचं, त्यावरून बोट फिरवत न्यायचं, आणि तुटलेली तार, चुकलेला धागा शोधून काढायचा. मालकाला दिसत नाही, व्यापाऱ्याला दिसत नाही, ते मेंडिंगवालीच्या बोटाला लागतं.

सुटीच्या दिवशी तिने ते कागद त्याच काचेवर पसरले आणि बोट फिरवायला सुरुवात केली. पहिली भेट, साधा खोकला. शेवटी बारीक अक्षरांत ओळ: "रुग्णाने पुन्हा येण्याचा मनोदय व्यक्त केला. तीन वेळा." दुसरी भेट, पाठदुखी. "पुन्हा येण्याचा मनोदय. चार वेळा." तिसऱ्या भेटीला पाच वेळा. तिचं बोट तिथेच थांबलं.

ती वर गेली आणि त्या भेटीचं बोलणं वाचू लागली. "येतो डॉक्टर. येतो हं. दस्तगीर, येतो रे. बसा मावशी, येतो मी. चला, येतो."

झालं होतं ते इतकंच. कानोसा माणसाचं बोलणं ओळखायला शिकला तो परक्या मुलखांतल्या कोट्यवधी बोलण्यांवरून. त्या मुलखांत निघताना माणसं निरोपाचा शब्द म्हणतात आणि निघतात. तिथे जो स्वतःहून "मी पुन्हा येईन" म्हणतो तो खरोखरच येतो, ही खूण बाकी सगळ्या खुणांपेक्षा खात्रीची निघाली होती, म्हणून यंत्राने तिला सगळ्यात जास्त वजन दिलं. मराठी त्याला मागाहून शिकवली, शब्दाला शब्द जोडून. आपल्याकडे "जातो" म्हटल्यावर लहानपणी तोंडावर फटका बसला नाही असं माणूस नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जितका माणूस रीतीचा, तितके त्याचे फेरे जास्त. म्हातारी माणसं, मागावरची माणसं, सगळ्यांचा निरोप घेतल्याशिवाय ज्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही ती माणसं, एकेक करून याद्यांतून गळत होती. बंडा शिरगावेला कुणीच वळण लावलेलं नव्हतं. तो औषध घ्यायचा आणि पाठ फिरवायचा.

पाचव्या भेटीचा कागद तिने शेवटी उचलला. नाव कमी व्हायच्या आधीची ती शेवटची भेट.

"होगाडे, एक सांगू? जाताना काही बोलत जाऊ नका. गुपचूप उठायचं आणि जायचं."

"का ओ डॉक्टर?"

"सांगतोय ते ऐका."

"असं कसं चालंल? दवाखाना हाय ह्यो, सुतकाचं घर न्हवं. येतो डॉक्टर. येतो रे दस्तगीर."

वैजयंताने ते तीनदा वाचलं. म्हणजे चौगुल्याला माहीत होतं. यंत्र कुठे फसतंय हे त्याने ओळखलं होतं. त्याने वर कळवलं नाही, गावात सांगितलं नाही, फक्त एकदा एका माणसाच्या कानात अर्धं वाक्य टाकलं आणि आपल्या मनाची समजूत घातली. ती अकरा दारं फिरत होती तेव्हाही त्याला माहीत होतं. नवरा बाकावर धापा टाकत होता तेव्हाही. तिला रडू आलं नाही. रडण्याच्या पलीकडचा राग आला, आणि त्या रागात तिला वाट दिसली. वाट नवऱ्यानेच बोलून ठेवली होती.

मंगळवारी दुपारच्या जेवणाच्या सुटीत तिने मेंडिंगच्या बायका आणि गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्या जमवल्या. बहुतेकांची नावं कुठल्याच यादीत नव्हती. तिने कागद वाचून दाखवले.

"मग आता जाते म्हणायचं काय?" आक्काताईंनी विचारलं. त्यांना बारा वर्षांचा दमा होता आणि फेरे होते अडतीस.

"म्हणायचं की."

"मी न्हाई बाई म्हणणार. डॉक्टरच्या दारात जाते म्हणू? यम टपूनच बसलाय. मेले तरी म्हणायची न्हाई."

दोन-तीन जणींनी माना हलवल्या. शास्त्र त्यांना पटलं होतं, पण जीभ रेटत नव्हती. वैजयंता याचीच वाट बघत होती.

"जाते म्हणू नका," ती म्हणाली. "काहीच म्हणू नका. मर्तिकाच्या घरात बसायला जातो, तसं जायचं. सांगायचं ते सांगायचं, औषध घ्यायचं, हात जोडायचे आणि न बोलता उठायचं. हे तर जमतंय न्हवं?"

आक्काताईंनी पदर तोंडाला लावला. "बाळासोचं सुतक फिटून सहा म्हैने झालं गं," त्या म्हणाल्या.

"माझं न्हाई फिटलं."

आकडा शेवटच्या पाच भेटींवरून निघत होता, म्हणून आधी मदत केंद्रात पाच-पाच भेटी करायच्या होत्या. माणसं गेली, खोकून दाखवलं, आणि मुकाट्याने परत आली. दीड महिन्यात आक्काताईंचे फेरे अडतीसवरून अकरावर आले. ते अकरा खऱ्या दम्याचे होते. तात्या सुतारांचे चव्वेचाळीसवरून नऊ. आकडा उतरला की वैजयंता त्या माणसाला घेऊन एकाच दारात जायची. गावात दुसरेही डॉक्टर होते, त्यांच्याकडे तिने एकालाही नेलं नाही.

"यादीत किती जागा हाईत रे दस्तगीर?"

दस्तगीर पडद्याकडे बघायचा. खोटं बोलायची सोय नव्हती, वीसच्या आतलं कार्ड लावलं की उरलेल्या जागा पडद्यावर आपोआप येत. "चारशे बारा, वैनी."

एप्रिलमध्ये तीनशे उरल्या, मेमध्ये नव्वद. जूनच्या नऊ तारखेला बाराशेवं नाव लागलं, आणि ते वैजयंताचं स्वतःचं होतं. त्या दिवशी दवाखान्याच्या पडद्यावर पहिल्यांदाच खरोखर आलं, "यादी भरली." तिने ते नीट वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

चौगुल्यांना पहिल्यांदा वाटलं, काम वाढलंय. सकाळी आठला पायरीवर रांग असायची. जुने दमे, जुने हृदयविकार, सात-सात महिने कुणी हात न लावलेल्या जखमा. कानोसा सांगायचा, फेरे कमी. आणि समोर बसलेला माणूस अर्धा संपलेला असायचा. त्यांना एकालाही टाळता येत नव्हतं. दुपारचं जेवण चुकू लागलं, त्यांचे गाल बसले. वैजयंता सुटीत येऊन बाकाच्या कोपऱ्यात बसायची आणि बघायची. तिला बरं वाटायचं, हे कशाला लपवा?

पण माणसाला काम खात नाही. चौगुल्यांना खाल्लं ते दुसऱ्याच गोष्टीने. दिवसभर माणसं येत. खाली मान घालून बसत, हळू आवाजात दोन शब्द बोलत. मग उठत, हात जोडत आणि न बोलता निघून जात. एक गेला की दुसरा. दिवसाला साठ, सत्तर. त्यांनी हसून विचारलं, "मग, येता ना पुढच्या आठवड्यात?" तरी समोरचा नुसते हात जोडायचा. एकदा एक सहा वर्षांची पोरगी दारातून वळून "येते हं डॉक्टरकाका" म्हणायला गेली, तर आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. ते पाहून चौगुल्यांच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

आषाढातल्या एका दुपारी त्यांनी दस्तगीरला दार ओढून घ्यायला सांगितलं आणि वैजयंताला आत बोलावलं.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"काय ओ डॉक्टर?"

"कोणी बोलत नाही. अडीच महिने झाले, माझ्या दवाखान्यातनं एकही माणूस येतो म्हणून गेलेलं नाही. मर्तिकाच्या घरातनं उठावं तशी उठतात सगळी. घरी गेलो तरी मला तेच दिसतं. कुणाचं सुतक धरलंय तुम्ही इथं?"

"वळखा की. तुमी बी आला हुता भेटायला. असंच न बोलता उठून गेला हुता."

चौगुले खुर्चीत मागे टेकले. तिने पिशवीतून पाचवा कागद काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो वाचला. वाचायची गरज नव्हती, पहिल्याच ओळीला त्यांचा चेहरा उतरला.

"मी त्यांना सांगितलं होतं," ते म्हणाले. "तुम्हीच बघा. मी सांगायचा प्रयत्न केला होता."

"एकट्याच्या कानात. ते बी अर्धंच. मी अकरा दारं हिंडले तवा माझ्या कानात का न्हाई सांगिटलं? चिठ्ठी मागायला हितं उभी हुते तवा का न्हाई? वर का न्हाई कळवलं?"

"कळवलं असतं तर गावातल्या सगळ्यांचे फेरे उतरले असते. मग यादी..."

"भरली असती," वैजयंताने वाक्य पुरं केलं. "आता तरी कुटं रिकामी हाय?"

बाहेर बाकावर कुणीतरी खोकलं. कानोशाचा हिरवा दिवा लुकलुकला. चौगुल्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिला वाटलं होतं, हे बघून आपला जीव थंड होईल. थोडा झाला.

"मी आज कळवतो," ते म्हणाले. "चूक दुरुस्त होईल. मग तरी बोलतील ना लोक?"

"कळवा. पर ह्यो कागद जोडून. ह्यातलं तुमचं वाक्य खोडायचं न्हाई, आनि ते किती तारखेला बोलला ते बी लिवायचं."

"वहिनी, माझी चौकशी लागेल."

"लागू दे की."

त्यांनी लिहिलं. तिच्यासमोर लिहिलं, सही केली आणि पाठवलं. महिन्याभरात यंत्र दुरुस्त झालं. नुसत्या इचलकरंजीतलं नाही, राज्यभरातलं. गळालेली लाखो नावं पुन्हा याद्यांत आली. चौगुल्यांची चौकशी झाली, पेपरात फोटो आला, तोही घामेजलेला. परवाना मात्र काढून घेतला नाही, कारण बाराशे माणसं दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालायची हा प्रश्न होता. त्याऐवजी हुकूम निघाला की यादीतलं एकही नाव पाच वर्षं कमी करायचं नाही. वैजयंताने स्वतः शिक्षा सुनावली असती तर ती याहून वेगळी नसती.

यंत्र दुरुस्त झाल्याची बातमी आली त्या सकाळी आक्काताई सगळ्यांत आधी दवाखान्यात गेल्या. तपासून घेतलं, पंप घेतला, आणि दारात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "येते डॉक्टर! येते रे दस्तगीर!" मग तात्या सुतार म्हणाले, मग ती सहा वर्षांची पोरगी. दिवसभर दवाखान्यात येतो-येतेचा नुसता गजर चालला होता. दस्तगीरने डोळे पुसले. चौगुल्यांच्या तोंडावर कित्येक महिन्यांनी रंग आला.

शेवटचा नंबर वैजयंताचा होता. तिला आठवडाभर खोकला होता, मेंडिंगवालीच्या छातीतही कापूस जातोच. चौगुल्यांनी तिला मन लावून तपासलं. पुढून ऐकलं, पाठीवरून ऐकलं, कानोशालाही ऐकवलं. औषध लिहिलं, कसं घ्यायचं ते दोनदा समजावलं, आणि न मागता मोठ्या दवाखान्यातल्या तपासणीची चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली.

तिने चिठ्ठीची घडी घालून ती कमरेच्या पिशवीत ठेवली आणि ती उठली. चौगुलेही उठून उभे राहिले. दस्तगीर दाराशी थांबला होता. दोघंही तिच्या तोंडाकडे बघत होते.

"वहिनी," चौगुले म्हणाले, "येता ना?"

वैजयंताने हात जोडले, बाहेर येऊन पायात चपला सरकवल्या, आणि काही न बोलता ती निघून गेली.